दुपारी धुरकट होणारी बाटली

पीएच.डी. ही तिशीच्या आत उरकून टाकायची गोष्ट आहे, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेव्हा माझी नोंदणी होऊन चार वर्षं झाली होती. धुळ्याच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. आठवड्याला अठरा तास, वर समित्या, वर परीक्षेची कामं, घरी गेलं की पोळ्या. या सगळ्यातून जो वेळ उरतो त्याला संशोधन म्हणायचं. माझा शनिवार उरायचा, तोही अर्धा.

विषय मार्गदर्शक सरांनी दिलेला. साबणाच्या जातीचे जे पदार्थ असतात त्यांना आम्ही सरफॅक्टंट म्हणतो. ते पाण्यात विरघळवायचे, त्यात चमकणारा रंग टाकायचा आणि तापमान वाढवत नेलं की त्या रंगाची चमक कशी बदलते ते मोजायचं. नणंदेने एकदा विचारलं, "म्हणजे कपडे गरम पाण्यात भिजवावेत की गार, एवढंच ना?" मी हो म्हणून टाकलं. संध्याकाळी सातनंतर वाद घालायचं त्राण माझ्यात नसतं.

खरं तर गोष्ट सोपी आहे, आणि दमलेली नसते तेव्हा मला ती आवडतेही. सरफॅक्टंटच्या रेणूला पाणी आवडणारं डोकं असतं आणि पाण्याचा कंटाळा असलेली शेपटी. पाण्यात हे रेणू पुरेसे झाले की शेपट्या आत घेऊन, डोकी बाहेर ठेवून गोल करून बसतात. त्या गोळ्याला मायसेल म्हणतात. रंगाचा रेणू मोकळ्या पाण्यात असला की त्याला चहूकडून धक्के बसतात आणि दिव्याकडून मिळालेली ऊर्जा त्या धक्काबुक्कीतच संपते. तोच मायसेलच्या आत शिरला की निवांत बसतो आणि छान उजळतो. मात्र तापमान वाढवलं की आतही चुळबूळ सुरू होते, आणि चमक उतरत जाते. ती किती उतरते, कशी उतरते, याचे आलेख म्हणजे माझा प्रबंध. रंग दिसायला गुलालासारखा, पण दिव्याखाली धरला की नारिंगी पेटायचा.

आता हे काम करायला धुळं ही जागा कशी आहे ते सांगते. जगातल्या सगळ्या शोधनिबंधांत लिहिलेलं असतं, 'द्रावण खोलीच्या तापमानाला तयार केले.' त्यांची खोली पंचवीस अंशांची. आमची खोली मार्चमध्ये दुपारी छत्तीस, मेमध्ये त्रेचाळीस, आणि वर पत्रा. आमचा वॉटर बाथ पाणी तापवायचा, गार करणं त्याला माहीत नव्हतं. चमक मोजायचं यंत्रही आमच्याकडे नव्हतं, ते जळगावला विद्यापीठात. महिन्यातून एकदा तारीख मिळायची. मग पहाटेची एसटी, मांडीवर थर्माकोलचा डबा, डब्यात बाटल्या, आणि पारोळा, एरंडोल करत तीन तास कंडक्टरला सांगत बसायचं की यात इडल्या नाहीत.

प्रयोगशाळेत माझ्या मदतीला नाना होते. ते आमचे प्रयोगशाळा परिचर, म्हणजे चंचुपात्रं धुण्यापासून गॅस लावण्यापर्यंत बठ्ठं काम त्यांचं. धुळ्याजवळच्याच एका खेड्यातले, बोलणं अस्सल अहिराणी, वय छपन्न. तीस वर्षांत त्यांनी किती विभागप्रमुख पाहिले ते त्यांनाच ठाऊक. सकाळी सातला प्रयोगशाळा उघडायचे आणि मी अकराला पोचायच्या आत माझं टेबल पुसून, काचेची भांडी वाळवून, डिस्टिल्ड पाण्याचा कॅन भरून ठेवायचे. पाणी ऊर्ध्वपातित करायचा प्लांट खाली इमारतीच्या मागे. तिथून वीस लिटरचा कॅन उचलून दोन जिने चढायचे. आणि बोअरचा नळ प्रयोगशाळेच्या दारातच. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला आतून चुन्याचा थर बसतो. सगळ्या कॉलेजांत एक थट्टा चालते, की परिचर लोक डिस्टिल्ड पाणी नळावर भरतात. आम्ही प्राध्यापक ती थट्टा चहाबरोबर करायचो. कॅन उचलायची वेळ आमच्यावर कधी आलेली नसते.

पहिली दोन वर्षं आलेख सुंदर आले. मग सरफॅक्टंटची बाटली संपली. नवी मागवली. ती फेब्रुवारीत आली, तसाच मधासारखा घट्ट द्रव. मी द्रावण केलं, रंग टाकला, आणि मार्चमध्ये डबा घेऊन जळगाव गाठलं. तिथे यंत्र चालवणाऱ्यांनी बाटली हातात घेतली आणि म्हणाले, "मॅडम, हे गढूळ आहे. प्रकाश आत विखुरतोय, आकडे कसे स्थिर राहतील?" खरोखरच आकडे उड्या मारत होते. मी म्हटलं, असं कसं झालं? ते सहज बोलले, "पाणी तपासा तुमचं." त्यांनी दुसऱ्या कुणाचं सॅम्पल घेतलं आणि मी साडेतीनची एसटी पकडली.

पाणी. तीन तास माझ्या डोक्यात तो एक शब्द होता. नोंदणीची मुदत मी दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा कुणी वाढवून देणार नव्हतं. त्या बसमध्ये, दमलेल्या डोक्याने, मी ठरवून टाकलं की पाणी नळाचं आहे.

दुसऱ्या दिवशी बी.एस्सी.चं प्रात्यक्षिक चालू होतं. वीस-बावीस पोरं टेबलांशी उभी. मी धुरकट फ्लास्क नानांसमोर आपटला. फुटला नाही, एवढंच. "नाना, हे काय आहे? तुम्हाला दोन जिने जड झाले का?" त्यांना आधी कळेचना. मग कळलं. हात पुसत ते म्हणाले, "मॅडम, पानी चांगलं शे. ती बाटलीच तशी शे. सकायले साफ दिखस, दुपारले धुरकट व्हस."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि ते लिहिताना आजही कानशिलं तापतात. मी म्हणाले, "म्हणजे आता केमिस्ट्री तुम्ही मला शिकवणार?" पोरं हसली. पोरं हसणारच, त्यांना प्रात्यक्षिकातून सुटका हवी होती. नाना हसले नाहीत. त्यांनी फ्लास्क उचलला, धुवायला नेला.

मी इथेच थांबले असते तर ते फक्त एक वाईट दिवस म्हणून विसरलं गेलं असतं. पण मी विभागाच्या कागदावर तीन ओळी लिहिल्या. परिचर डिस्टिल्ड पाण्याऐवजी नळाचे पाणी भरतात, त्यामुळे संशोधनाचे नुकसान झाले आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी. विभागप्रमुखांनी तो कागद आनंदाने पुढे पाठवला. कॉलेजच्या मूल्यांकनाची समिती येणार होती आणि प्राचार्यांना शिस्तीचं एखादं उदाहरण हवंच होतं. नानांना मेमो मिळाला. सेवापुस्तकात नोंद झाली. तीस वर्षांतली पहिली, हे मला नंतर ऑफिसात कळलं. मेमो हातात घेऊन ते माझ्या टेबलाशी आले आणि एवढंच विचारलं, "मी काय करं, मॅडम?" मी काय केलं, एवढाच प्रश्न. मी मान खाली घालून पेपर तपासत राहिले. जूनमध्ये संस्थेने त्यांची बदली केली, यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत. बायको-घर धुळ्याकडे, ते तिकडे एका खोलीत. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. पाण्यात क्षार आहेत की नाहीत हे सांगणारा मीटर माझ्या कपाटात होता. दोन मिनिटांचं काम. मी तो काढला नाही. दुसरं, जड पाण्यात कपड्याचा साबण फुटतो, पण माझ्या जातीचा सरफॅक्टंट जड पाण्याला दाद देत नाही, हे मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शिकवते. प्रश्नपत्रिकेत चार गुणांना विचारते. रागात माणूस स्वतःचाच धडा विसरतो असं म्हणून सोडून देता येईल. पण मी विसरले नव्हते, मला तो आठवून घ्यायचा नव्हता.

नाना गेल्यावर नवा परिचर आला. द्रावण तरीही धुरकट. तेव्हा तरी डोळे उघडावेत! मी बॅटरीच्या दुकानातून विकतचं डिस्टिल्ड पाणी आणलं. तरीही धुरकट. मग मी म्हटलं, दुकानदारही नळाचंच भरत असेल. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ असा अंगावर काढावा लागेल असं वाटलं नव्हतं. पावसाळा तसाच गेला. शनिवार येत होते, जात होते, आणि मी टेबलाशी बसून वाकड्या आकड्यांकडे बघत होते. रागही उरला नव्हता, नुसता थकवा होता. सरांचा फोन आला की मी बाथरूममध्ये आहे असं मुलीला सांगायला लावायचे.

दिवाळीच्या सुटीत यावलला माहेरी गेले. तिथे जाण्यात भाऊबीज होती आणि एक स्वार्थही होता. आमची केळीची शेती, आणि भावाने तीन वर्षांपूर्वी केळी पिकवायच्या खोल्या बांधल्या आहेत. जाड भिंती, जाड दार, आत सोळा-सतरा अंशांवर रात्रंदिवस हवा फिरती ठेवलेली. हिरवी केळी क्रेटमधून आत जातात आणि चार दिवसांनी एकसारखी पिवळी होऊन बाहेर येतात. तापमान जास्त झालं तर गर मऊ पडतो आणि साल हिरवीच राहते, फार उतरलं तर साल काळी पडते. माझा भाऊ बारावी नापास, पण अर्ध्या अंशासाठी झोपेतून उठतो. सरांनी मला कमी तापमानाचे आकडेही मागितले होते. माझा बाथ गार होत नव्हता. म्हटलं, द्रावण भावाच्या खोलीत गार करू, बर्फाच्या डब्यात घालू आणि यावलहून जळगाव जवळच, तडक यंत्रापर्यंत नेऊ. जे द्रावण मुळात धुरकट आहे ते गार करून काय मिळणार, हा विचार मी केला नव्हता. दमलेला माणूस पुढचं पाऊल टाकतो एवढंच, कुठे ते बघत नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला मी रंग घातलेल्या दोन बाटल्या घेऊन खोलीत शिरले. बाहेर ऑक्टोबरची उष्णता, आत एकदम गारवा आणि पिकत्या केळ्यांचा वास. मागून भाऊ ओरडला, "अक्का, दार लाव लवकर, थंडी चालली बाह्यर!" मग बाटल्यांकडे बघून, "काय व्हय हे? केयीले काही होनार नाही ना?" मी म्हटलं, तुझ्या केळीला काही होत नाही, मलाच होईल. बाटल्या एका क्रेटवर ठेवल्या आणि जेवायला गेले.

दोनला परत आले. बाटल्या आरपार होत्या. गुलाबी, स्वच्छ, पलीकडच्या क्रेटवरचं अक्षर वाचता येईल इतक्या. मला आधी वाटलं की कुणीतरी बदलल्या. मग एक बाटली घेऊन बाहेर ओसरीवर आले, खाटेवर बसले आणि तिच्याकडे बघत राहिले. वहिनीने चहा आणला. चहा संपेपर्यंत बाटलीत धूर भरावा तसं झालं. तळहाताच्या उबेने ती जिथे धरली होती तिथे आधी. मी ती तशीच उन्हाकडेच्या खांबाशी ठेवली. तासाभरात बाटलीत दोन थर झाले. वरचं पाणी फिकट, आणि सगळा गुलाबी रंग तळाशी एका बोटभर दाट थरात जाऊन बसलेला.

हे काय असतं ते मला माहीत होतं. या जातीच्या सरफॅक्टंटला एक ठरावीक तापमान असतं, त्याच्या वर गेलं की मायसेल पाण्याशी संसार मोडतात, एकमेकांना चिकटतात, द्रावण ढगाळ होतं. शेवटी ते वेगळा थर करून खाली बसतात आणि रंगालाही सोबत नेतात. माझ्या सरफॅक्टंटचं ते तापमान साठाच्या पुढे. धुळं कितीही तापलं तरी साठ होत नाही, म्हणून मी तो विचार कधी केलाच नव्हता. मी धुळ्याला घरी फोन केला आणि मुलीला सांगितलं, सुटीआधी मी घरी आणून टेबलाखाली ठेवलेल्या दोन्ही बाटल्यांचे फोटो पाठव, जुनी रिकामी आणि नवी. फोटो आले. नाव तेच. नावापुढचा आकडा वेगळा. मी तो आकडा खोक्याचा क्रमांक समजून सोडून दिला होता. तो भाऊबंद होता, त्याच घराण्यातला, फक्त याचं ढगाळ होण्याचं तापमान चोवीस-पंचवीसच्या आसपास. म्हणजे जगातल्या कुठल्याही सभ्य खोलीत तो स्वच्छ राहिला असता. आणि आमच्या खोलीत, मार्चमध्ये, सकाळी सातला स्वच्छ आणि अकरानंतर धुरकट.

सकायले साफ, दुपारले धुरकट. रोज सकाळी सातला दार उघडणारा माणूस एकच होता. त्याने पाहिलं होतं आणि मला सरळ सांगितलंही होतं.

मी त्या खाटेवर बसून रडले. वहिनीला वाटलं, प्रयोग बिघडला. मी म्हटलं, नाही गं, जमला.

सरांना फोन केला तेव्हा ते खूश झाले. "अरे वा, मग तर चांगलंच झालं! याच तापमानाच्या दोन्ही बाजूंना रंग कसा वागतो ते मोजा, स्वतंत्र प्रकरण होईल." तसं ते झालंही. खालून वर तापवत नेलं की चमक हळूहळू उतरते, ढग येतो तिथे एकदम बिघडते आणि मग रंग सगळा त्या दाट थरात सापडतो. माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण परीक्षकांना सगळ्यात आवडलं. मी सरांना फोनवर नानांचं सांगितलं. ते म्हणाले, "हं. ते जरा वाईट झालं. पण आता ते उकरून तुम्हाला काय मिळणार? मुदत संपतेय, आधी लिहून काढा." सर वाईट माणूस नाहीत. मलाही तेच करावंसं वाटत होतं, हे मी कबूल करते. आठ दिवस मी तसं केलंही.

नवव्या दिवशी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी कानावर हात ठेवले, तक्रार तुमची होती, मी फक्त पाठवली. प्राचार्य म्हणाले, मूल्यांकन छान झालं, आता कशाला. हेडक्लार्कने चष्मा वर करून समजावलं, की मॅडम, सेवापुस्तकातली ओळ खोडता येत नाही, फार तर तिच्याखाली दुसरी लिहिता येते. मी म्हटलं, मग दुसरी लिहा. त्यासाठी अर्ज, अर्जावर शेरा, संस्थेच्या कार्यालयाच्या चार चकरा. प्रत्येक ठिकाणी मला तीच गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागायची, मायसेलपासून, आणि प्रत्येक ठिकाणी समोरचा माणूस मध्येच घड्याळाकडे बघायचा. एकाने विचारलं, "म्हणजे चूक कोणाची होती?" मी म्हटलं, माझी. तो म्हणाला, "मग तसं लेखी द्या." दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलेली उलटवायला चोरालाच खेटे घालावे लागतात, आणि ते योग्यच आहे. बदली रद्द झाली नाही. ती जागा भरली होती आणि नानांच्या निवृत्तीला आता दहाच महिने राहिले होते. पण जानेवारीच्या शेवटी पत्र निघालं, 'सदर तक्रार गैरसमजातून झाल्याचे निष्पन्न झाल्याने मेमो मागे घेण्यात येत आहे.' खाली सेवापुस्तकातल्या नव्या ओळीची प्रत.

ते पोस्टाने गेलं असतं. मी घेऊन गेले. धुळ्याहून यावल आणि यावलहून पुढे एक जीप, दोन्हीकडे केळीच्या बागा, मग बागा संपून डोंगराची उतरण. शाळा नीटनेटकी होती. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, सहा टेबलं, आणि कोपऱ्यात काचेचा छोटा डिस्टिलेशन संच, ज्यातून ठिपक्या-ठिपक्याने पाणी पडत होतं. नाना तिथेच स्टुलावर बसून होते. वाळले होते. मला बघून उभे राहिले. "या मॅडम, बठा."

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. उभ्याने सगळं सांगितलं. बाटलीचा आकडा मी वाचला नाही. पाणी चांगलं होतं. तुम्ही मला बरोबर सांगितलं होतं आणि मी पोरांसमोर तुमचा अपमान केला. तुमच्या तीस वर्षांवर मी डाग लावला, नाना, मला माफ करा. ते माझ्याकडे न बघता त्या पडणाऱ्या ठिपक्यांकडे बघत होते. मी पत्र दिलं. त्यांनी ते खिडकीशी नेऊन दोनदा वाचलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं. "बरं करं, मॅडम. घरमा दखाडसू." घरी दाखवतो म्हणाले. एवढंच. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा हसतील. दोन्हीची तयारी मी एसटीत करून आले होते.

मग बाटली भरली तशी ते उठले. त्यांनी संच बंद केला, बाटलीला बूच लावलं आणि टेबलाच्या खणातून एक शंभरपानी वही काढली. रेघा मारलेल्या. तारीख, वेळ, किती पाणी, आणि शेवटच्या रकान्यात सही. पान उलटलं तर मागेही तेच, जूनपासून रोज. शाळेचे विज्ञानाचे मास्तर असतील नाहीतर पी.टी.चे, जो हाताशी सापडेल त्याच्याकडून पाणी भरताना सही घेतलेली.

मी म्हटलं, "नाना, हे कोणी करायला सांगितलं?"

"कोनी नही. मीच."

"मग आता बंद करा हे. पत्र आलंय ना. तुमचं पाणी कधीच खराब नव्हतं, हे आता कागदावर आहे."

त्यांनी वहीचं पान सरळ केलं. नंतर फार साध्या आवाजात, मला बोल लावायचा म्हणून नाही, जे होतं ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम. कागदवर शे ते खरं. पन मालेच आते कधीकधी वाटस, भरं व्हई मी एखाद वखत नळनं पानी. आठवत नही. म्हनीसन लिखी ठेवस." भरलंही असेल म्हणाले, एखाद्या वेळी, नळाचं.

शाळेत तेव्हा तास चालू होता, बाहेर कुणी मास्तर दिसत नव्हते. नानांनी तारीख घातली, भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ घातली आणि वही माझ्यापुढे केली. मी सही केली. त्यांनी ती नीट वाचून पाहिली आणि वही खणात ठेवली.